बाळाचं पहिलं बोरनहाण
प्रश्न: लेक 10 महिन्यांची आहे, संक्रांतीला दोघांनाही ऑफिस, सासूबाई म्हणतायत बोरनहाण त्याच दिवशी हवं. काय करू? (लालबाग)

उत्तर: अगं, रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, मधला एखादा रविवार धर आणि सासूबाईंना आत्ताच सांगून टाक, म्हणजे त्याही खुशीत तयारीला लागतील. काळं झबलं, हलव्याचे दागिने दादरला मिळतात. मला खरी काळजी वेगळीच वाटते, या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं आणि बोराची बी, शेंगदाणा, हलवा घशात अडकू शकतो, म्हणून तिला मांडीवरच घे, डोक्यावरून थोडे कुरमुरेच सोडा, बोरं-उसाचे तुकडे चाळीतल्या मोठ्या पोरांना वाटा. दागिने फोटो झाले की लगेच काढ गं, हलवा टोचतो.