आधी ऑपरेशन की आधी केमो? वाचकांचे प्रश्न

स्तनाच्या कॅन्सरबद्दल या वेळी आलेले बहुतेक प्रश्न उपचारांच्या क्रमाविषयी आहेत. प्रत्येकीचा निर्णय तिला तपासणारे डॉक्टरच घेतील. त्या निर्णयामागे काय विचार असतो, तेवढं इथे सांगतो.

प्रश्न: माझी बहीण 44 वर्षांची आहे. गाठ साडेतीन सेंटिमीटरची, काखेतल्या एका लिम्फ नोडमध्येही कॅन्सर सापडला आहे. रिपोर्ट ट्रिपल निगेटिव्ह. डॉक्टर म्हणतात आधी केमो, मग ऑपरेशन. पाच-सहा महिने गाठ अंगात ठेवायची, हा आगीशी खेळ नाही का?

घरोघरी हेच म्हणणं असतं: आधी ते काढून टाका, बाकीचं मग बघू. पण स्तनातली गाठ सहसा जीव घेत नाही. जीव घेतात त्या तिथून निसटून फुप्फुसात, यकृतात, हाडांत जाऊन बसलेल्या पेशी. त्या स्कॅनवरही दिसत नाहीत आणि सर्जनच्या हाताला लागत नाहीत. तिथवर औषधच पोचतं. ट्रिपल निगेटिव्हमध्ये, म्हणजे दोन हार्मोनचे रिसेप्टर आणि हर-टू हे पेशींवरचं प्रथिन या तिन्ही खुणा नसलेल्या कॅन्सरमध्ये, हा धोका जास्त, त्यामुळे केमो सुरू झाली की खरा उपचार सुरू झाला असंच समजा.

मात्र नुसता क्रम बदलला म्हणून आयुष्य वाढत नाही, हेही स्पष्ट सांगतो. 1988 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एनएसएबीपी बी-18 या चाचणीत 1,523 स्त्रिया होत्या. औषधं तीच, सायकली (केमोच्या फेऱ्या) तेवढ्याच. एका गटाला ऑपरेशनआधी, दुसऱ्याला नंतर. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखं निघालं. आधी केमो घेतलेल्यांपैकी थोड्या अधिक जणींचा स्तन वाचला, एवढंच.

मग आज आधी केमोचा आग्रह का? कारण गाठ जागेवर असली तर औषध तिच्यावर चाललं की नाही ते कळतं, आणि त्यावर पुढचं औषध ठरतं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही तर भवितव्य बरंच चांगलं असतं. पेशी उरल्या असतील तर ऑपरेशननंतर आणखी उपचार देता येतात. क्रिएट-एक्स या चाचणीत अशा ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांना कॅपेसिटाबिन या गोळ्या दिल्यावर 5 वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण 70.3 वरून 78.8 टक्क्यांवर गेलं. गाठ आधीच काढून टाकली तर हे उत्तर मिळवायची सोयच राहत नाही.

दुसरं कारण पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सरमध्ये ते ऑपरेशनआधी केमोबरोबर सुरू करून नंतरही चालू ठेवलं, तेव्हा 5 वर्षांनी हयात असलेल्या 81.7 ऐवजी 86.6 टक्के होत्या. महाग औषध आहे, त्याचे दुष्परिणामही वेगळे आहेत, सगळ्यांना जमेलच असं नाही. पण त्याचा पुरावा आधी औषध, मग ऑपरेशन याच क्रमाचा आहे.

पहिल्या सायकलआधी दोन गोष्टी विचारून घ्या. गाठीत आणि काखेतल्या त्या नोडमध्ये खुणेची क्लिप बसवणार का? आणि बीआरसीए जनुकांची (त्यांतला दोष घराण्यात चालत येतो) तपासणी पाठवली का? तिचा रिपोर्ट यायला काही आठवडे जातात. केमो चालू असतानाच तो आला तर ऑपरेशन किती मोठं करायचं ते ठरवता येतं. दोष सापडला तर तुमचीही तपासणी करावी लागेल.

प्रश्न: आई 68 वर्षांची. गाठ 1.8 सेंटिमीटर, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काख स्वच्छ. तिला थेट ऑपरेशन सांगितलं आहे. शेजारच्या काकूंना मात्र आधी केमो दिली होती. आईच्या बाबतीत काही राहून तर जात नाही ना?

नाही. काकूंचा आजार वेगळा असणार. नाव एकच असलं तरी हे तीन-चार वेगवेगळे रोग आहेत, म्हणून शेजारणीच्या फाइलशी आपली फाइल ताडून पाहू नये.

आईच्या, म्हणजे हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारात केमोने गाठ पूर्ण नाहीशी होणं फार क्वचित घडतं. मुख्य औषध म्हणजे हार्मोनची गोळी, म्हणजे हार्मोनचा परिणाम रोखणारी; ती ऑपरेशननंतर काही वर्षं घ्यायची असते. केमो लागेल का, हाच इथे खरा प्रश्न आहे. त्यासाठी गाठीच्या तुकड्यावर 21 जनुकांची तपासणी करता येते, तिचा निकाल स्कोअरमध्ये येतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलर-एक्स चाचणीत काखेत आजार नसलेल्या दहा हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. पन्नाशीपुढच्या ज्यांचा स्कोअर 25 पर्यंत होता, त्यांना हार्मोनच्या गोळ्यांवर केमोची भर घालून काही फायदा झाला नाही. आधी केमो दिली असती तर कदाचित गरज नसलेली केमो आईला सोसावी लागली असती.

याच प्रकारची गाठ मोठी असेल आणि स्तन वाचवायचा असेल, तर पाळी गेलेल्या स्त्रीला आधी काही महिने लेट्रोझोलसारखी गोळी देऊन गाठ लहान करून घेता येते. हा मार्ग सावकाशीचा, पण वयस्कर रुग्णांना झेपणारा. माझ्या मते तो वापरायला हवा तितका वापरला जात नाही.

प्रश्न: तीन केमोनंतर गाठ हाताला लागेनाशी झाली. सोनोग्राफीतही दिसत नाही. आता ऑपरेशन टाळता येणार नाही का?

अभिनंदन, पण ऑपरेशन करायचंच, आणि त्याआधी ठरलेल्या सायकली पूर्ण करायच्या. हाताला न लागणं आणि पेशी नसणं यांत फरक आहे. स्कॅनवर काही दिसत नसतानाही मायक्रोस्कोपखाली विखुरलेल्या पेशी सापडतात. ऑपरेशनशिवाय भागतं का यावर संशोधन चालू आहे, पण ते अभ्यासाच्या चौकटीत.

इथेच क्लिप कामाला येते. ती तिळाएवढी, धातूची असते. गाठ विरघळली तरी ती जागेवर राहते आणि मॅमोग्राफीत पांढरा ठिपका म्हणून दिसते. ऑपरेशनच्या सकाळी रेडिओलॉजिस्ट सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीत पाहून तिथवर बारीक तार घालतात, सर्जन त्या तारेच्या मागावर जाऊन तेवढाच भाग काढतात. काढलेल्या तुकड्याचा लगेच एक्स-रे होतो. त्यात क्लिप दिसली म्हणजे योग्य जागेचा तुकडा आला. तुमच्या गाठीत क्लिप बसवलेली नसेल तर आजच सर्जनला भेटा. जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्म जपून ठेवा, आता जागेचा पुरावा त्याच आहेत.

प्रश्न: रिपोर्टमध्ये "हर-टू 2+" लिहिलं आहे. हे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

दोन्ही नाही. फिश ही हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी करून निकाल लावावा लागतो, आणि तो येईपर्यंत उपचारांचा क्रम ठरवू नये. 3+ पॉझिटिव्ह, 0 आणि 1+ निगेटिव्ह.

प्रश्न: माझी गाठ "साधी दिसते" म्हणून काढून टाकली. नंतर कॅन्सर निघाला, तोही हर-टू पॉझिटिव्ह. आधी केमो घ्यायची संधी गेली, म्हणजे नुकसान झालं का?

सगळं बिघडलं असं अजिबात नाही. गाठ लहान आणि काख स्वच्छ असेल तर हर-टू पॉझिटिव्हमध्येही बऱ्याचदा आधी ऑपरेशनच करतात. नंतर पॅक्लिटॅक्सेल या केमोचे 12 आठवडे आणि हर-टूवर नेम धरणारं ट्रास्टुझुमॅब एकूण वर्षभर, हा चांगला परिणाम देणारा उपचार आहे. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ किंवा काखेत आजार असेल तर मात्र आधी औषध देणं श्रेयस्कर होतं. कारण उरलेल्या पेशी दिसल्या की औषध बदलता येतं. कॅथरिन चाचणीत अशा रुग्णांना ट्रास्टुझुमॅबऐवजी टी-डीएम-1 (ट्रास्टुझुमॅबला केमोचं औषध जोडलेलं) दिल्यावर 3 वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण 77 वरून 88.3 टक्के झालं.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं: काढलेल्या गाठीच्या कडा स्वच्छ आहेत का, आणि काखेची तपासणी झाली का? नसेल तर दुसरं छोटं ऑपरेशन लागेल. पॅथॉलॉजीचे ब्लॉक (मेणात जतन केलेले गाठीचे तुकडे) ताब्यात घ्या.

स्तनातली कोणतीही शंकास्पद गाठ सुईने बायोप्सी केल्याशिवाय काढू नये, हे किती वेळा लिहायचं! सुई लावल्याने कॅन्सर पसरतो म्हणून लोक घाबरतात आणि थेट चिरा देऊन मोकळे होतात. कोअर बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही.

प्रश्न: केमो चालू असतानाच गाठ वाढली तर?

असं थोड्याच जणींत होतं. म्हणूनच दर सायकलला डॉक्टरांनी हाताने तपासून माप लिहायला हवं. तुमच्या फाइलमध्ये मापं नसतील तर मागा. गाठ खरोखर वाढत असेल तर औषध बदलतात किंवा लगेच ऑपरेशन करतात. एक अपवाद: स्तन लाल, गरम, सुजलेला आणि कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालेला इन्फ्लमेटरी कॅन्सर. त्यात औषधाने सूज उतरल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत. पहिलं औषध चाललं नाही तर दुसरं देतात.

प्रश्न: मी 31 वर्षांची आहे, आधी केमो ठरली आहे. पुढे मूल हवं आहे. हे कधी बोलायचं?

आजच, पहिल्या सायकलआधी. केमोने अंडाशयातल्या बीजांचा साठा कमी होतो. बीजं किंवा भ्रूण गोठवण्यासाठी साधारण दोन आठवडे लागतात, पाळीच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही. इंजेक्शनांच्या काळात इस्ट्रोजेन वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात. तेवढ्या दिवसांत तुमच्या हृदयाची इको आणि बाकीच्या तपासण्याही उरकतात, त्यामुळे केमो फारशी लांबत नाही. कॅन्सरचे डॉक्टर हा विषय स्वतःहून काढतीलच असं नाही. तुम्ही काढा, आणि चिठ्ठी घेऊन त्याच आठवड्यात वंध्यत्वतज्ज्ञांना भेटा.