जुना कॉर्कर घेताना रंग नको, जबडे बघा

प्रश्न : मुलगी-जावई न्यू जर्सीत असतात. जावईबापू हौसेने घरी वाइन करतात, एका खेपेला साधारण ३० बाटल्या. तिथे एकाकडे जमिनीवर ठेवायचा जुना कॉर्कर, म्हणजे बाटलीला बूच मारायचं यंत्र, विकायला आहे. रंग उडालाय, पण ‘चालू कंडिशन’ म्हणतो. तो घ्यावा, की हातात धरायचा नवा? आणि मला इथे घरी असं काही करता येईल का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : शेवटचं आधी. नाही. द्राक्षं दारात पिकत असली, तरी महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय वाइन करता येत नाही. अमेरिकेत घरच्यापुरती चालते; घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. जावईबापूंना भरपूर झाली.

आता यंत्र. ३० बाटल्या असतील तर हातातल्या दोन दांड्यांच्या कॉर्करच्या नादी लागू नका. बाटली कुणीतरी धरायची, बूच तिरकं जायचं आणि दहाव्या बाटलीला मनगट बोलायला लागायचं. जमिनीवरचा जुना असला तरी बरा, फक्त जबडे शाबूत हवेत.

दिंडोरीकडच्या एका वायनरीत बाटल्या भरण्याच्या विभागातच माझी नोकरी झाली, म्हणून हे ठासून सांगतो. बूच असतं २४ मिलिमीटर जाड आणि बाटलीचं तोंड आतून साडेअठराच्या आसपास. जबडे त्या बुचाला चहूबाजूंनी आवळून १५-१६ मिलिमीटरवर आणतात, मग वरचा दट्ट्या त्याला खाली ढकलतो. जबड्याच्या कडेला खाच पडली असेल, तर बुचाच्या अंगावर उभी चीर उमटते. बाटली आडवी केली की वाइन त्याच वाटेने पाझरते. तरी यंत्र ‘चालू’च असतं, विकणारा खोटं बोलत नसतो!

म्हणून जावईबापूंना चार नवी बुचं खिशात घालून जायला सांगा. बाटली न लावताच दांडा दाबायचा, बूच खालून हातात घ्यायचं आणि त्यावर गोल नख फिरवायचं. नख एका जागी अडकलं, तर तिथेच नमस्कार करून निघावं. चारही बुचांवर त्याच जागी रेघ आली तर शंकाच नको. जबडे पितळी असतील आणि नुसता हिरवा थर असेल, तर तो घासून निघतो. खड्डे पडले असतील तर निघत नाहीत. जंतू मारायला बुचं सल्फाइटच्या पाण्यात भिजवतात आणि काम झाल्यावर यंत्र न पुसता ठेवून देतात, त्याचा हा प्रताप. सांगाड्यावरचा गंज मात्र खुशाल चालवून घ्या.

मग एक बाटली लावून बघायची. खालची स्प्रिंग ढिली असेल तर बाटलीचं तोंड जबड्यांना नीट टेकत नाही आणि मधल्या फटीत बूच फुगतं. बूच काचेच्या काठाशी सपाट बसायला हवं. खाली-वर बसत असेल तर दट्ट्यावरचा नट फिरवून जमतं. त्याचे आटे गेलेले नसावेत. पिन झिजली असेल तर घाबरू नका. इथे सातपूरला कुठलाही टर्नर लेथवर करून देईल, तिथेही कुणी सापडेलच. जबड्यांचं तसं नाही. त्या मॉडेलचे सुटे जबडे मिळतात का, हे आधी विचारावं.

किंमत नव्याच्या निम्म्यावर जाऊ देऊ नये. सोबत जुन्या बुचांची पिशवी फुकट देऊ केली तर घेऊ नका, वाळलेली बुचं दट्ट्याखाली भुगा होतात. फिरकीच्या टोपणाच्या रिकाम्या बाटल्यांनाही बूच मारू नये; तो गळा या दाबासाठी केलेला नसतो, तडकू शकतो. आणि बूच मारल्यावर बाटल्या दोन-तीन दिवस उभ्याच ठेवायच्या, मग आडव्या.