पैसे आहेत तर कळा कशाला सोसायच्या?

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणींनी विचारलाय की शेवटी लिहायलाच बसले. "मॅडम, मला सिझरच करून घ्यायचंय, परवडतंय आम्हाला, पण लोक श्रीमंतीचे चोचले म्हणतील का?"

एकीचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पस्तिसावा आठवडा, दोघांचे पगार भक्कम, पर्समध्ये सासूबाईंच्या अक्षरातली मुहूर्ताची चिठ्ठी, घड्या घालून घालून मधे फाटत आलेली.

"ही तारीख तुला हवीय?"
"तारखेचं काही नाही हो, मला फक्त ते ओरडणं नकोय."
"कुणाचं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ती नऊ वर्षांची असताना आत्याचं बाळंतपण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झालं, ही बाहेर बाकावर बसून रात्रभर आवाज ऐकत होती. "कुणीतरी म्हणालं, पैसे असते तर प्रायव्हेटला नेलं असतं. तेव्हापासून मला वाटतं पैसे नसले की ओरडावं लागतं."

मी पेन खाली ठेवलं. पोरगी ती रात्र परत ऐकू येऊ नये म्हणून पैसे मोजायला निघाली होती! भीती प्रसंगात नसते, त्या प्रसंगाबद्दल आपण स्वतःला जे सांगत राहतो त्यात असते असं मी कायम मानत आलेय, त्यामुळे पुढची तीन सेशन्स त्या एका वाक्यावरच घालवली. मधेच विचारलं, आत्या आता कशी आहे? "मस्त! तिचा मुलगा माझ्याहून उंच आहे," आणि पहिल्यांदा हसली.

पैसा निवड देतो तसा ढकलतोही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगी दवाखान्यांत शंभरातली ४७ बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४. सगळ्याच जणींनी मनापासून निवडलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा की मला वैद्यकीय कारण आहे का, एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) मिळेल का, पुढच्या बाळंतपणावर काय परिणाम होईल. कारण असेल तर अपराधी वाटून घेऊ नका. आणि कारण नसताना मुहूर्तासाठी ३९ आठवड्यांच्या आत घाई नको, बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो.

तिने शेवटी सिझरच निवडलं, आणि मला ते पटलं, कारण आता निर्णय तिचा होता. मुहूर्त अडतिसाव्या आठवड्यातला निघाला, तो तिने स्वतः सासूबाईंशी बोलून पुढे ढकलला. फोनवर म्हणाली, "आई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी नवीन तारीख विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवली."