वाचकांचे प्रश्न : नवे विषाणूजन्य आजार येतात कोठून?

प्रश्न : दर काही वर्षांनी एखाद्या नव्या विषाणूचे नाव कानावर येते. हे विषाणू खरोखरच नव्याने जन्माला येतात, की आधीपासून कोठेतरी असतात? (एक शिक्षिका)

उत्तर : बहुतेक विषाणू आधीपासून असतातच, नवी असते ती त्यांची आणि आपली गाठ. विषाणूला स्वतःच्या बळावर वाढता येत नाही, त्यासाठी त्याला जिवंत पेशीच लागते, आणि एखाद्या प्राण्याच्या शरीरात पिढ्यानपिढ्या मुक्काम केलेला विषाणू त्या प्राण्याला पुष्कळदा आजारीही पाडत नाही. त्यामुळे तो तेथे आहे याचा आपल्याला पत्ताच नसतो. अलीकडच्या काळात माणसांत नव्याने आढळलेल्या संसर्गजन्य आजारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आजारांचे मूळ प्राण्यांमध्ये सापडते.

ही गाठ कशी पडते, ते निपाह या विषाणूच्या पहिल्या साथीत फार स्पष्ट दिसते. १९९८ मध्ये मलेशियातील वराहपालन करणाऱ्या गावांत मेंदूज्वराचे रुग्ण दिसू लागले. सुरुवातीला हा डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर आहे असे समजून धूरफवारणी करण्यात आली, लसही टोचण्यात आली, तरी रुग्ण वाढतच राहिले. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने लहान मुलांना होतो. येथे मात्र डुकरांची निगा राखणारे प्रौढ पुरुष आजारी पडत होते आणि त्यांच्याकडची डुकरेही खोकत होती. ही विसंगती ज्यांना खटकली त्यांनी शोध पुढे नेला, आणि मार्च १९९९ मध्ये नवा विषाणू हाती लागला. त्या वराहशाळांच्या कडेने आंब्याची व इतर फळांची झाडे लावलेली होती. रात्री तेथे येणाऱ्या वटवाघळांची उष्टी फळे खाली डुकरांच्या आवारात पडत, डुकरे ती खात, आणि दाटीवाटीने ठेवलेल्या जनावरांत विषाणू झपाट्याने पसरे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि सुमारे दहा लाख डुकरे मारावी लागली. वटवाघळे पूर्वीपासून होती, डुकरेही पूर्वीपासून होती. फळझाड आणि वराहशाळा एकमेकांना खेटून आली, एवढेच काय ते नवे होते.

प्रश्न : प्राण्यांकडून आलेला प्रत्येक विषाणू माणसांत साथ का पसरवत नाही? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : लागण होणे आणि साथ पसरणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि बहुतेक विषाणू पहिल्या पायरीवरच अडखळतात. रेबीजचे उदाहरण घ्या. लक्षणे दिसू लागल्यावर तो आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, पण माणसाकडून माणसाला तो सहसा होत नाही, त्यामुळे विषाणूची वाटचाल त्या रुग्णापाशीच थांबते. हाँगकाँगमध्ये १९९७ साली बर्ड फ्लूची लागण १८ जणांना झाली आणि त्यांतील ६ जण दगावले, तरीही साथ उसळली नाही. पेशीत शिरण्यासाठी विषाणूला तिच्या पृष्ठभागावरील विशिष्ट रेणूला चिकटावे लागते. पक्ष्यांचा फ्लू ज्या प्रकारच्या रेणूंना चिकटतो, ते माणसाच्या फुप्फुसात खोलवर अधिक असतात; नाका-घशात ते विरळ आहेत. असा विषाणू रोग्याला गंभीर आजारी करू शकतो, मात्र खोकल्या-शिंकांवाटे बाहेर पडून दुसऱ्याला गाठणे त्याला कठीण जाते.

हा अडसर कायमचा असतो असे मात्र समजू नये. ज्यांची जनुकीय सामग्री आरएनए या रेणूची असते अशा विषाणूंच्या (फ्लूचा विषाणू त्यांपैकीच) प्रती निघताना चुका फार होतात. त्यांतील बहुतेक निरुपयोगी असतात, पण एखादी चूक विषाणूच्या पथ्यावर पडते. फ्लूच्या विषाणूची जनुकीय सामग्री आठ सुट्या तुकड्यांत असते, त्यामुळे एकाच पेशीत दोन जातींचे विषाणू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींचे विषाणू अशाच अदलाबदलीतून, माणसांच्या आणि पक्ष्यांच्या फ्लूचे तुकडे एकत्र येऊन बनलेले होते.

शिवाय विषाणूला वेळही मिळावा लागतो. एचआयव्ही चिंपांझींकडून माणसात आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, आफ्रिकेतील कॅमेरून देशाच्या आग्नेय भागात. तेथून तो काँगोतील आजच्या किन्शासा शहरापर्यंत पोहोचला, आणि वाढत्या वस्तीत, वाढत्या दळणवळणाबरोबर दशकानुदशके पसरत राहिला. एड्स हा वेगळा आजार म्हणून ओळखला गेला १९८१ मध्ये. मधल्या साऱ्या काळात माणसे मरत होती, पण त्यांच्या मृत्यूंना नाव नव्हते. हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

प्रश्न : २००३ ची सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ काही महिन्यांत आटोक्यात आली. मग त्याच कुळातील कोविडला आपण का रोखू शकलो नाही? (एक निवृत्त परिचारिका)

उत्तर : आपण रुग्णसेवा केली आहे, त्यामुळे उत्तराचा गाभा आपल्या लगेच ध्यानात येईल. सार्सचा रुग्ण सर्वाधिक संसर्गजन्य होत असे तो साधारणपणे आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे तो अंथरुणाला खिळून बहुधा रुग्णालयात पोहोचल्यावर. त्यामुळे परिचारिका आणि डॉक्टरांना त्याची झळ फार बसली. पण त्यामुळेच ताप आलेल्याला वेगळे ठेवणे आणि त्याच्या संपर्कातील माणसे शोधणे हे जुने उपाय पुरे पडले. तरी सार्स सावकाश पसरत होता असे नव्हे. फेब्रुवारी २००३ मध्ये हाँगकाँगच्या एका हॉटेलात एक आजारी डॉक्टर उतरले होते, आणि तेथे लागण झालेल्या पाहुण्यांनी हा आजार व्हिएतनाम, सिंगापूर व कॅनडापर्यंत नेला. अखेर सुमारे आठ हजार रुग्ण आणि ७७४ मृत्यू नोंदवले गेले, आणि जुलैमध्ये संसर्गाची साखळी तुटली.

कोविडचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच विषाणू पसरवू लागतो, आणि कित्येकांना लक्षणे जाणवतही नाहीत. ताप मोजून अशा माणसाला अडवणार कसे? विषाणू किती जणांचा जीव घेतो याकडे साऱ्यांचे लक्ष जाते, पण तो केव्हा पसरू लागतो हा प्रश्न साथ रोखण्याच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे, किंबहुना माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे.

प्रश्न : एवढे विषाणू वटवाघळांत असतील, तर ती नष्ट का करू नयेत? (एक शेतकरी)

उत्तर : हा उपाय प्रत्यक्षात करून पाहिला गेला आहे, आणि तो अंगाशी आला. युगांडातील किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग या जीवघेणा रक्तस्रावी ताप आणणाऱ्या विषाणूची लागण झाली, तेव्हा खाणीतील वटवाघळे मारून टाकण्यात आली. काही वर्षांनी वटवाघळे तेथे परत आली, आणि तपासणीत त्यांच्यातील संसर्गाचे प्रमाण पूर्वीपेक्षा जास्त निघाले. शिवाय परागीभवन, बीजप्रसार आणि कीटकांवर नियंत्रण ही वटवाघळांची कामे शेतीलाही हवी आहेत.

बांगलादेशात निपाहवर शोधलेला मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. तेथे हिवाळ्यात शिंदीच्या झाडाची साल तासून रात्रभर मडक्यात रस गोळा करतात आणि सकाळी तो कच्चाच पितात. संशोधकांनी झाडांवर अंधारात टिपणारे कॅमेरे लावले, तेव्हा वटवाघळे तासलेल्या जागी येऊन रस चाटताना दिसली. त्यांची लाळ आणि मूत्र त्या रसात मिसळू शकते. रस उकळला की विषाणू मरतो. कच्चा रस पिणाऱ्यांसाठी मात्र बांबूच्या कामट्यांची विणलेली झापे तासलेल्या भागावर आणि मडक्याच्या तोंडावर बांधून पाहिली. झाप नीट बांधलेले असले की वटवाघूळ येते, रसापर्यंत पोहोचू शकत नाही आणि उडून जाते.