सेव्ह केलं, पण डिस्कवर उतरलं का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा विषय एकच आहे. प्रोग्राम 'लिहून झालं' म्हणतो आणि डेटा खरोखर डिस्कवर उतरतो, यांत मधे वेळ जातो. त्या वेळेत काय घडतं आणि काय बिघडू शकतं, हे या पत्रांत विचारलं आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. कमांड आणि सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाईप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहावीत, आणि सेटिंगच्या नावात एकापेक्षा जास्त शब्द असतील तर मधे अंडरस्कोअर द्यावा.

प्रश्न : आमचा फोटो स्टुडिओ आहे. उबंटूवर १.५ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकला की चार-पाच सेकंदांत 'कॉपी पूर्ण' असं येतं. गिऱ्हाईक घाईत असतं म्हणून ड्राइव्ह लगेच काढून दिला, तर घरी व्हिडिओ अर्ध्यावर थांबतो. फाईलचा आकार मात्र बरोबर दिसतो. पेनड्राइव्ह बनावट आहे का?
— कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : बनावट असेलच असं नाही. फाईल लिहिताना लिनक्सचं कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) डेटा आधी रॅममधल्या पेज कॅशमध्ये (फाईलींच्या डेटाच्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवतं, ती पेजेस 'डर्टी' म्हणून नोंदवतं आणि प्रोग्रामला लगेच 'झालं' म्हणून सांगतं. पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, नेहमीच्या पीसीवर तो ४,०९६ बाइटचा असतो. डर्टी म्हणजे रॅममधली प्रत नवी आणि डिस्कवरची जुनी. ही पेजेस खाली उतरवण्याचं काम कर्नेलचे फ्लशर थ्रेड मागून करत राहतात.

तुमच्या मशीनमध्ये १६ जीबी रॅम आहे आणि त्यातली १२ जीबी उपलब्ध आहे असं धरा. 'डर्टी बॅकग्राउंड रेशो' मुळात १० टक्के असतो, म्हणजे १.२ जीबी डर्टी झाल्यावर फ्लशर जोमाने कामाला लागतो. 'डर्टी रेशो' २० टक्के, म्हणजे २.४ जीबी, ही कमाल मर्यादा. दोन्हींच्या साधारण मध्यावर, १.८ जीबीच्या आसपास, लिहिणाऱ्या प्रोग्रामला कर्नेल थोडं थोडं थांबवायला लागतं. (हे टक्के एकूण रॅमचे नसून त्या क्षणी उपलब्ध असलेल्या मेमरीचे असतात. इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो.) तुमचा १.५ जीबीचा व्हिडिओ मर्यादेच्या आतच राहतो, म्हणून कॉपी झटक्यात संपलेली दिसते. स्वस्त पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी लिहीत असेल, तर तोच डेटा खाली उतरायला तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात ड्राइव्ह ओढून काढला, तर फाईलचं नाव आणि आकार पोचलेले असतात, पण मागचा भाग पोचलेला नसतो.

खात्री करायची असेल तर टर्मिनलमध्ये 'प्रॉक' फोल्डरमधली 'मेमइन्फो' फाईल दर सेकंदाला पाहा. 'डर्टी' या ओळीत अजून उतरायचा बाकी असलेला डेटा केबीमध्ये दिसतो, आणि 'राइटबॅक' या ओळीत या क्षणी वाटेवर असलेला. कॉपी संपल्यावरही डर्टीचा आकडा हळूहळू उतरताना दिसेल. तो अगदी शून्यावर येईल असं नाही, कारण सिस्टीमच्या लॉग फाईली चालूच असतात.

उपाय साधा आहे. फाईल मॅनेजरमधलं 'इजेक्ट' दाबा आणि 'आता काढू शकता' असं येईपर्यंत थांबा. अनमाउंट होताना (ड्राइव्ह सिस्टीमपासून सोडवला जाताना) त्या ड्राइव्हची सगळी डर्टी पेजेस लिहिली जातात, वेगळी 'सिंक' कमांड (सगळा डर्टी डेटा लिहायला लावणारी) द्यावी लागत नाही. ड्राइव्ह 'सिंक' पर्यायाने (प्रत्येक लेखन लगेच खाली उतरेल असा) माउंट करण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो, पण पेनड्राइव्हसाठी तो मानू नये. प्रत्येक लहान लेखनाला ड्राइव्हवरचा फाईलींच्या जागांचा तक्ता पुन्हा लिहिला जातो, त्यामुळे वेग पार घसरतो आणि फ्लॅशचं आयुष्यही कमी होतं. काउंटरवर 'तीन मिनिटं थांबा' असा कागद चिकटवणं त्यापेक्षा बरं.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. कांद्याच्या भुईकाट्यावर पायथॉनमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्राम वापरतो. गाडीचं वजन झालं की नोंद फाईलमध्ये जाते आणि पावती छापली जाते. पावसाळ्यात वीज गेली की शेवटच्या एक-दोन नोंदी गायब होतात, शेतकऱ्याच्या हातात पावती असते आणि आमच्याकडे काहीच नसतं. एकदा तर दिवसाची बेरीज ठेवणारी फाईल शून्य बाइटची झाली. प्रत्येक नोंदीनंतर फाईल बंद करतो, तरी असं का?
— लासलगाव, जि. नाशिक

उत्तर : पावती हातात आणि नोंद गायब ही बाब गंभीर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नोंद डिस्कवर पोचेपर्यंत तीन ठिकाणी थांबते. पहिला थांबा पायथॉनच्या स्वतःच्या बफरमध्ये, दुसरा कर्नेलच्या पेज कॅशमध्ये, तिसरा खुद्द डिस्कच्या आतल्या कॅशमध्ये. फाईल 'क्लोज' केली की पहिला टप्पा ओलांडला जातो, बस. नुसता प्रोग्राम कोसळला तर नोंद वाचते, कारण ती आता कर्नेलच्या ताब्यात आहे. वीज गेली तर कर्नेलची रॅमही जाते. बाजार समितीतल्या माणसाला सांगायचं तर क्लोज म्हणजे कच्च्या चिठ्ठीवर टिपलेलं वजन, खतावणीत चढवलेलं नव्हे.

कर्नेल आपणहून किती वेळ घेतं? फ्लशर दर ५ सेकंदांनी जागा होतो ('डर्टी राइटबॅक सेंटीसेक्स' ५००) आणि ३० सेकंदांहून जुनी डर्टी पेजेस लिहायला घेतो ('डर्टी एक्स्पायर सेंटीसेक्स' ३०००). म्हणजे एखादी नोंद अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त काळ निव्वळ रॅममध्ये राहू शकते. एक्स्ट४ या फाईल सिस्टीमचं (डिस्कवर फाईली मांडण्याच्या पद्धतीचं) जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, दर ५ सेकंदांनी कमिट होतं (डिस्कवर पक्कं होतं), त्यामुळे पाच सेकंदांत सगळं सुरक्षित होतं असा समज आहे. तो चुकीचा आहे. एक्स्ट४ नव्या डेटाला डिस्कवरची जागा उशिरा, प्रत्यक्ष लिहिण्याच्या वेळी देतं, आणि जर्नलच्या त्या कमिटमध्ये हा डेटा येत नाही.

आता नोंदींच्या फाईलचा इलाज. नोंद लिहिली की 'फ्लश' करा (पायथॉनचा बफर रिकामा होतो), लगेच त्या फाईलवर 'ओएस' मोड्यूलमधलं 'एफसिंक' बोलवा, आणि ते यशस्वी परतल्यावरच पावती छापा. हा क्रम उलटा झाला तर बाकी सगळं व्यर्थ आहे. एफसिंक हे कर्नेलला विचारलेलं 'उतरलं का?' आहे, उत्तर येईपर्यंत प्रोग्राम तिथेच थांबतो. ७,२०० आरपीएमची हार्ड डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते आणि एका एफसिंकला असे काही फेरे लागतात. सेकंदाला हजार नोंदी असत्या तर हा खर्च जाणवला असता. गाडी काट्यावरून उतरायलाच मिनिट जातं.

बेरजेच्या फाईलची गोष्ट वेगळी. ती तुम्ही दरवेळी रिकामी करून पुन्हा लिहीत असणार. रिकामी झाल्याची नोंद डिस्कवर गेली आणि नवे आकडे जायच्या आत वीज गेली, की उरते शून्य बाइटची फाईल. एक्स्ट४ मध्ये याला आळा घालणारी सोय २००९ पासून आहे, पण तिच्यावर विसंबू नये. बरोबर पद्धत अशी : त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाईल उघडा, सगळं लिहा, फ्लश, एफसिंक, क्लोज, मग 'रीनेम' करून ती जुन्या नावावर आणा, शेवटी फोल्डर उघडून त्यावरही एफसिंक करा. रीनेममुळे वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाईल मिळते किंवा पूर्ण नवी. फोल्डरचं एफसिंक लोक हमखास विसरतात. नाव फोल्डरच्या डेटात असतं, फाईलच्या नाही. तात्पुरती फाईल दुसऱ्या पार्टिशनवर ठेवली तर रीनेम होणारच नाही, हेही लक्षात असू द्या.

एफसिंकने एरर दिली तर 'पुन्हा एकदा करून पाहू' असं करू नका. लिहिताना चूक झाल्यावरही लिनक्समध्ये ते पेज 'क्लीन' म्हणून नोंदलं जाऊ शकतं. मग दुसरं एफसिंक निर्धास्तपणे 'यशस्वी' सांगतं, आणि डेटा मात्र डिस्कवर नसतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जाणकारांमध्ये यावर मोठी चर्चा झाली, आणि फेब्रुवारी २०१९ च्या ११.२ आवृत्तीपासून तो डेटाबेस अशा एररला स्वतःला थांबवून लॉगमधून डेटा परत उभा करतो. तुम्ही पावती रोखा, नोंद दुसऱ्या डिस्कवर पुन्हा लिहा आणि मूळ डिस्क तपासायला द्या.

हे सगळं हाताने करण्यापेक्षा एसक्यूलाइट (फाईलमध्येच राहणारा छोटा डेटाबेस) वापरावं असं आमचं स्पष्ट मत आहे. तात्पुरत्या फाईली, क्रम, एफसिंक हे ते स्वतः सांभाळतं. 'सिंक्रोनस' सेटिंग 'फुल' ठेवा. 'वॉल' पद्धतीत (बदल आधी लॉगमध्ये लिहिण्याच्या) 'नॉर्मल' ठेवलं, तर वीज गेल्यावर डेटाबेस बिघडत नाही, पण शेवटच्या नोंदी जाऊ शकतात, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे.

तिसरा टप्पा डिस्कच्या कॅशचा. एक्स्ट४ आणि एक्सएफएस या फाईल सिस्टीम एफसिंकच्या वेळी डिस्कलाही तिची कॅश रिकामी करायला सांगतात, फक्त 'बॅरियर' (कॅश रिकामी करायला सांगण्याची हीच सोय) बंद करून माउंट केलेलं नसावं. एसएसडी घेताना 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' आहे का ते विचारा. त्यात वीज गेल्यावर उरलेला डेटा लिहून होईल इतकी ऊर्जा साठवणारे कपॅसिटर असतात. यूपीएस जरूर घ्या, पण प्रोग्राम दुरुस्त केल्यावर. यूपीएसची बॅटरीही एक दिवस संपते.

प्रश्न : कारखान्यातल्या ६४ जीबी रॅमच्या सर्व्हरवर रात्रपाळीत बॅकअप सुरू झाला की स्टोअरची नोंदणी मिनिट-मिनिट अडकते. सीपीयू रिकामा दिसतो. 'आयओनाइस' लावून पाहिलं, फरक नाही.
— अंबड एमआयडीसी, नाशिक

उत्तर : जास्त रॅममुळेच हे होतंय. ५० जीबी उपलब्ध असेल तर कमाल मर्यादा १० जीबी डर्टी डेटाची. हार्ड डिस्क सेकंदाला १२० एमबी सलग लिहीत असली तरी तेवढं उतरायला ८५ सेकंद. विखुरलेलं लेखन असेल तर कितीतरी जास्त. त्यातच स्टोअरच्या प्रोग्रामने एफसिंक मागितलं की ते या गर्दीच्या मागे उभं राहतं.

टक्क्यांऐवजी बाइटमध्ये मर्यादा घाला. कर्नेल सेटिंगांच्या 'व्हीएम' गटातल्या 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स'ला २६,८४,३५,४५६ (२५६ एमबी) आणि 'डर्टी बाइट्स'ला १,०७,३७,४१,८२४ (१ जीबी) द्या, स्वल्पविरामांशिवाय. 'ईटीसी'मधल्या 'सिसकंट्रोल डॉट डी' फोल्डरात, ज्याचं नाव एस-वाय-एस-सी-टी-एल असं लिहितात, वेगळी फाईल करून हे टाका, म्हणजे रीबूटनंतर टिकेल. बाइट्स दिले की संबंधित रेशो शून्य दिसतो, घाबरू नका. आकडा फार खाली, १०–२० एमबीवर, नेऊ नका. शेजारचे तुकडे जोडून एकदम लिहिण्याचा फायदा जातो, आणि क्षणभराने पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फाईलीही उगाच डिस्कवर जातात.

आयओनाइस ही प्रोग्रामचं डिस्क वापरण्यातलं प्राधान्य कमी करणारी कमांड. ती का चालली नाही? बॅकअप कॅशमध्ये लिहितो, आणि डिस्कवर लिहितो तो कर्नेलचा थ्रेड. प्राधान्य बॅकअपचं कमी झालं, थ्रेडचं नाही. प्रोसेसच्या यादीत 'केवर्कर' आणि पुढे 'फ्लश ८:०' असं दिसतं, तो हाच. खरंच लगाम घालायचा असेल तर सिस्टमडीतून (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्राममधून) बॅकअपला वेगळ्या सी-ग्रूपमध्ये (मर्यादा घालता येणाऱ्या प्रोसेसच्या गटात) चालवा आणि मेमरी व लेखनाचा वेग दोन्हींवर मर्यादा घाला. सी-ग्रूपची दुसरी आवृत्ती आणि एक्स्ट४ किंवा एक्सएफएस असेल, तर कोणती डर्टी पेजेस कोणाची हे कर्नेल ओळखतं.

बॅकअप वेगळ्या डिस्कवर जात असेल तर त्रास आधीच कमी असायला हवा. २००९ च्या २.६.३२ कर्नेलपासून प्रत्येक डिस्कचा फ्लशर स्वतंत्र आहे. त्याआधी 'पीडीफ्लश' थ्रेड सगळ्यांत सामायिक होते आणि एका मंद डिस्कपायी बाकीच्याही रखडायच्या.

प्रश्न : 'ड्रॉप कॅशेस'मध्ये ३ लिहिलं की डेटा डिस्कवर जातो ना?
— गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : नाही. ड्रॉप कॅशेस ही कर्नेलला कॅश रिकामी करायला सांगणारी सेटिंग आहे, त्याने क्लीन पेजेस रॅममधून काढली जातात. डर्टी पेजेसना हातही लागत नाही. डेटा लिहायचा तर सिंक. चाचणीसाठी कॅश रिकामी हवी असेल तर आधी सिंक, मग ड्रॉप कॅशेस. चालू सर्व्हरवर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीतून) हे दर तासाला करणारे लोक आहेत. त्याने वाचन मंदावतं, फायदा काही नाही.

प्रश्न : स्क्रीन पूर्ण गोठली, माउसही हलत नाही. बटण दाबून बंद करण्याआधी काही वाचवता येतं का?
— पंचवटी, नाशिक

उत्तर : कर्नेल जिवंत असेल तर येतं. ऑल्ट आणि 'सिस-आरक्यू' (बहुतेक कीबोर्डवर प्रिंट स्क्रीनचीच कळ) धरून एस दाबा. कर्नेल सगळी डर्टी पेजेस लिहायला घेतं. डिस्कचा दिवा शांत होईपर्यंत थांबा, घाई नको. मग तसंच धरून यू, म्हणजे सगळ्या फाईल सिस्टीम फक्त वाचण्यासाठी माउंट होतात; आणि शेवटी बी, म्हणजे रीबूट. उबंटूवर या तिन्ही कळांना मुळातच परवानगी असते. तिथे 'सिसआरक्यू' सेटिंग १७६ असतं, म्हणजे १६, ३२ आणि १२८ यांची बेरीज. एडिटरमध्ये टाईप करून सेव्ह न केलेला मजकूर यातून वाचत नाही; तो कर्नेलकडे आलेलाच नसतो.