‘सेवा’ कोण करतं, कोणाची करतं?

प्रश्न असा आला आहे: “मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) ‘ते सेवेत आहेत’, ‘पूर्णवेळ सेवक’, ‘देवाचे दास’ असं फक्त पाळक आणि प्रचारकांबद्दल बोललं जातं. पण पवित्र शास्त्र तर प्रत्येक विश्वासणाऱ्याला सेवा करायला सांगतं. मग ही बोलण्याची पद्धत चुकीची आहे का? सेवक आणि दास यांत फरक काय? आणि स्त्रीला ‘सेविका’ म्हणावं का?”

चुकीची आहे असं सरसकट म्हणणार नाही, कारण पाळक सेवा करतातच. पण ‘सेवक’ हे फक्त त्यांचंच नाव झालं की बाकीचे आपोआप ‘सेवा घेणारे’ होतात, आणि ते मात्र नव्या कराराला, म्हणजे बायबलच्या ग्रीकमध्ये लिहिलेल्या दुसऱ्या भागाला, धरून नाही. हे कसं झालं ते थोडं व्याकरणातून पाहू.

मराठीत ‘सेवा’ला षष्ठी लागली की ती बहुतेक वेळा ज्याची सेवा होते त्याची असते. आईची सेवा, रुग्णांची सेवा, गुरूंची सेवा. करणारा वेगळा सांगावा लागतो. मंडळीतल्या मराठीत मात्र हे उलटलं आहे. ‘पास्टरांची सेवा जोरात चालू आहे’ म्हणजे पास्टरांचे पाय कोणी चेपत नाही. पास्टर काम करताहेत. ‘त्यांची स्वतःची सेवा आहे’ याचा अर्थ तर त्यांनी एक संस्था काढली आहे, असा होतो. ‘मिनिस्ट्री’ या इंग्रजी शब्दाच्या जागी ‘सेवा’ बसवल्यामुळे हे घडलं, हे उघड आहे. वाक्यरचना कळते, त्यामुळे तक्रार नाही. पण या उलथापालथीत एक गोष्ट हरवली: सेवा कोणाची, हा प्रश्नच वाक्यातून गेला. ‘मी सेवा करतो’ म्हटल्यावर ‘कोणाची?’ असं आता कोणी विचारत नाही.

दुसरी वाट नोकरीची. सेवेत रुजू होणे, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती हे शब्द कचेरीतून आले आणि त्यांच्यातली ‘सेवा’ म्हणजे पद. ‘ते वीस वर्षं सेवेत आहेत’ हे वाक्य कारकुनाबद्दल आणि पाळकांबद्दल एकाच सुरात बोलता येतं. ‘सेवा करणे’ ही क्रिया आहे, कोणीही कधीही करू शकतो. ‘सेवेत असणे’ ही स्थिती आहे, तिथे भरती व्हावी लागते. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाची अर्धी गाठ या दोन क्रियापदांतच आहे.

आणि तिसरी वाट भक्तीची, सर्वांत जुनी. ‘सेव्’ या संस्कृत धातूचा अर्थ जवळ राहणे, आश्रय घेणे, उपभोगणे, परिचर्या करणे असा पसरट आहे. त्यातून ‘सेवा’ आली तसं ‘सेवन’ही आलं. (मंडळीची सेवा करणारे आणि मंडळीचं सेवन करणारे एकाच धातूतून निघतात, हा भाषेचा खवचटपणा.) भक्तीपरंपरेत सेवा मुख्यतः वर जाते: देवाची, गुरूची, आईवडिलांची. खाली किंवा शेजारी वाहणाऱ्या सेवेला जुनी मराठी दया, उपकार, परोपकार असं काही म्हणते. ‘जनसेवा’, ‘समाजसेवा’ हे त्यामानाने अलीकडचे जोडशब्द आहेत. त्यामुळे मराठी कानाला ‘देवाची सेवा’ सहज वाटते आणि ‘एकमेकांची सेवा’ ऐकताना किंचित अडखळायला होतं. नव्या कराराचा भर मात्र नेमका या अडखळण्याच्या जागेवर आहे.

आता मूळ शब्द. नव्या करारात जिथे मराठीत ‘सेवा’, ‘सेवक’ येतं तिथे बहुतेकदा ग्रीकमध्ये ‘डायाकोनिया’, ‘डायाकोनोस’ हे शब्द असतात. डायाकोनोस म्हणजे दुसऱ्याने सोपवलेलं काम करणारा: निरोप नेणारा, परिचर, आणि फार नेहमीच्या वापरात पंगतीत वाढणारा. यावरून प्रवचनांत एक व्युत्पत्ती हमखास सांगितली जाते, की ‘डाया’ म्हणजे मधून आणि ‘कोनिस’ म्हणजे धूळ, तेव्हा डायाकोनोस म्हणजे धुळीतून धावणारा. चित्र छान आहे, पण भाषाशास्त्रज्ञ ते मान्य करत नाहीत. शब्दाचं जुनं आयोनियन रूप ‘डिएकोनोस’ या फोडीशी जुळत नाही. असंच ‘सेवक’ म्हणून येणाऱ्या ‘हुपेरेटेस’ या दुसऱ्या ग्रीक शब्दाचं: गलबताच्या तळाशी वल्हं मारणारा, असं सांगतात. नव्या कराराच्या काळात त्याचा अर्थ नुसता मदतनीस किंवा शिपाई असा होता. लूक ४:२० मध्ये येशू ग्रंथपट गुंडाळून ज्याच्या हाती देतो तो सभास्थानातला सेवक हाच हुपेरेटेस, आणि तिथे गलबत नाही, वल्हंही नाही.

व्युत्पत्तीपेक्षा वापर पाहणं बरं. मार्कच्या शुभवर्तमानात ‘डायाकोनिया’शी जोडलेल्या ‘सेवा करणे’ या क्रियापदाचा कर्ता म्हणून पहिल्यांदा येतात ते देवदूत (१:१३). त्यानंतर पहिला माणूस येतो तो प्रेषित नव्हे, तर शिमोनाची सासू. ताप उतरतो आणि ती त्यांची सेवा करू लागते (१:३१). तिला कोणी नेमलेलं नाही. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं म्हणून सात जण निवडले जातात. तिथे पंगतीची ‘सेवा’ आणि वचनाची ‘सेवा’ या दोन्हींसाठी एकच शब्द आहे. त्या सातांना आपण ‘पहिले डीकन’ (डायाकोनोसवरूनच आलेलं मंडळीतलं पदनाम) म्हणतो, पण त्या अध्यायात ‘डायाकोनोस’ हे नाम एकदाही येत नाही. काम आहे, पदनाम नाही. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी पौलाने गोळा केलेली वर्गणी, तीसुद्धा ‘डायाकोनिया’ (२ करिंथ ८ आणि ९). रोम १३:४ मध्ये तर राज्याधिकारीही देवाचा डायाकोनोस आहे. इतका ऐसपैस शब्द एका व्यवसायाच्या नावात कोंबला की त्याची बाकीची अंगं बाहेर राहणारच.

माझ्या आवडीचं उदाहरण १ करिंथ १६:१५ चं. स्तेफनाच्या घराण्याबद्दल पौल म्हणतो की त्यांनी पवित्र जनांच्या, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या, सेवेला स्वतःला वाहून घेतलं. ग्रीक क्रियापद नेमणूक करण्याचं आहे, पण नेमणारे आणि नेमले गेलेले तेच. सगळं घर. पुढच्याच ओळीत पौल मंडळीला अशांच्या अधीन राहायला सांगतो. म्हणजे सेवेतून मान येतो, मानातून सेवा नाही.

या सगळ्या चर्चेचा कणा मात्र इफिस ४:११-१२ आहे. ख्रिस्ताने प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक असे दिले, कशासाठी? पवित्र जनांना सिद्ध करण्यासाठी, सेवेच्या कार्यासाठी, ख्रिस्ताचं शरीर उभारण्यासाठी. जुन्या हस्तलिखितांत स्वल्पविराम नाहीत, आणि सगळा वाद त्या स्वल्पविरामाचा आहे. ‘सिद्ध करण्यासाठी’ नंतर तो टाकला तर ही तिन्ही कामं पाळकांची होतात. काढला तर पाळकांचं काम एकच: पवित्र जनांना सेवेच्या कार्यासाठी सिद्ध करणं, आणि सेवा करणार ते पवित्र जन. ग्रीकमध्ये पहिल्या वाक्यांशाला एक शब्दयोगी आहे (‘प्रोस’) आणि पुढच्या दोन्हींना वेगळा (‘एइस’), म्हणून दुसरं वाचन मला अधिक सरळ वाटतं. शिवाय ‘सिद्ध करणे’ या नामाशी नातं असलेलं क्रियापद मार्क १:१९ मध्ये येतं: याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करताहेत. जाळं नीट करायचं ते त्याने मासे धरावेत म्हणून.

प्रामाणिकपणे उलट बाजूही सांगायला हवी. जॉन कॉलिन्स या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९९० मध्ये ग्रीक साहित्यातले या शब्दाचे वापर तपासून असं मांडलं, की डायाकोनियाचा गाभा हलकी कामं किंवा नम्रता हा नसून सोपवलेली कामगिरी, मध्यस्थी हा आहे. त्यामुळे प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या प्रत्येक चांगल्या कामाला हा शब्द लावणं त्यांना पटत नाही. शब्दाबद्दल ते मला बरेच पटतात; ‘नम्र सेवा’ हा अर्थ आपण शब्दात भरतो, तो येशूच्या वागण्यातून आलेला आहे. पण कामगिरी मूठभरांवरच सोपवली आहे, हा निष्कर्ष १ पेत्र ४:१० वाचल्यावर टिकत नाही. तिथे ‘प्रत्येकाला’ कृपादान मिळालं आहे आणि प्रत्येकाने चांगल्या कारभाऱ्यासारखं त्याने एकमेकांची सेवा करायची आहे. क्रियापद तेच. आणि कारभारी म्हटला की सोपवणं आलंच.

आता ‘दास’. ग्रीक ‘डूलोस’ म्हणजे सरळ गुलाम, विकत घेतलेला माणूस. ‘दास’ हा शब्द मूळच्या अर्थाने तितकाच कडक, पण मराठीत तो रामदास, तुळशीदास अशा नावांतून आणि नवविधा भक्तीतल्या दास्यातून इतका वापरून मऊ झाला आहे, की त्यात बेडीचा आवाज उरलेला नाही. ‘गुलाम’ म्हणून पाहा, लगेच फरक कळेल. यात मराठीचा दोष नाही. इब्री शास्त्रातही मोशे, दावीद यांना ‘परमेश्वराचा सेवक’ म्हणतात तेव्हा तो सन्मानच असतो, कारण राजाचा चाकर हा साध्या माणसापेक्षा मोठा. पौल रोमकरांस पत्राच्या पहिल्याच ओळीत स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो, त्यातही हा पदर आहे.

पण मार्क १०:४३-४४ काळजीपूर्वक वाचा. मोठा होऊ पाहणाऱ्याने ‘तुमचा सेवक’ व्हावं, पहिला होऊ पाहणाऱ्याने ‘सर्वांचा दास’ व्हावं. देवाचा नाही, सर्वांचा. षष्ठी बदलली की मान गळून पडतो. २ करिंथ ४:५ मध्ये पौलही ‘येशूकरिता तुमचे दास’ असंच म्हणतो. आपल्या उपासनेत ‘आता देवाचे दास अमुक-अमुक संदेश देतील’ हे वाक्य ऐकू येतं, आदरार्थी बहुवचनासकट. ‘आता तुमचे दास संदेश देतील’ असं मी अजून ऐकलेलं नाही. अर्थात, हा मोह फक्त मराठीचा नाही. पोप ग्रेगरी पहिले (५९०–६०४) स्वतःला ‘देवाच्या दासांचा दास’ लिहीत, ते मनापासून असावं. पुढे ती पोपपदाची अधिकृत उपाधी झाली. लॅटिन ‘मिनिस्टर’ हा शब्दही ‘लहान’ या अर्थाच्या मुळातून आलेला, ‘मॅजिस्टर’च्या म्हणजे मोठ्याच्या बरोबर उलटा. आज तो मंत्र्यांना लावतात.

इतिहासात या गोष्टीची आठवण अधूनमधून करून दिली गेली आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२० मध्ये सर्व विश्वासणाऱ्यांचं याजकत्व (प्रत्येक विश्वासणारा याजकच आहे, हे) मांडलं, आणि त्याच वर्षी हेही लिहिलं की ख्रिस्ती माणूस कोणाच्याही अधीन नसलेला स्वतंत्र धनी आहे आणि सर्वांच्या अधीन असलेला सेवकही. कॅथलिक बाजूला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सामान्य विश्वासणाऱ्यांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेशपत्र काढलं. बोलीभाषा मात्र आदेशपत्रं वाचत नाही.

मग म्हणावं काय? पाळकांना पाळक म्हणा, प्रचारकांना प्रचारक, मंडळीची देखरेख करणाऱ्या वडिलांना वडील. हे शब्द काम सांगतात आणि कोणाचं काही हिरावून घेत नाहीत. ‘पूर्णवेळ सेवक’ हा प्रयोग पगाराच्या हिशोबात चालेल, पण बाकीचे अर्धवेळ ख्रिस्ती आहेत असा वास त्याला येतो. ‘सेवा’ आली की शक्यतो कोणाची ते सांगा: मुलांची, आजाऱ्यांची, नव्याने आलेल्यांची. ‘सेवेकरी’ हा मराठी शब्द मला व्यक्तिशः फार आवडतो, कारण ‘-करी’ प्रत्यय वारकरी, टाळकरी, शेतकरी यांच्यासारखा सतत करणारा दाखवतो, पदावर बसलेला नाही. पण तो दुसऱ्या संप्रदायांत रुळलेला आहे, त्यामुळे मंडळीत तो चालेल की नाही ते मंडळीनेच ठरवावं.

राहता राहिली ‘सेविका’. रोम १६:१ मधली फीबी ही किंख्रियातल्या मंडळीची ‘डायाकोनोस’ आहे. ग्रीकमध्ये शब्द पुरुषांना लागतो तोच, वेगळं स्त्रीरूप पुढे तयार झालं. सुमारे ११२ साली रोमन अधिकारी प्लिनी सम्राट त्रायानला कळवतो, की ख्रिस्ती लोकांचं खरं काय ते काढण्यासाठी त्याने दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला, आणि त्या लॅटिनमध्ये ‘मिनिस्ट्राए’ (‘मिनिस्टर’चं स्त्रीरूप) म्हणवल्या जातात. कायद्याने गुलाम, मंडळीत सेविका. मराठीत ‘सेविका’ म्हटलं की मदतनीस किंवा परिचारिका डोळ्यांसमोर येते आणि पुल्लिंगी ‘सेवक’ मात्र व्यासपीठावर दिसतो. हा फरक शब्दकोशातला नाही, आपण लावलेला आहे. फीबीला सेविका म्हणायला हरकत नाही. फक्त मग पाळकांसाठी ‘सेवक’ शब्द जितक्या अदबीने उच्चारता, तितक्याच अदबीने ‘सेविका’ही उच्चारा. नाहीतर दोघांनाही ‘सेवक’ म्हणा, ग्रीक तसंच करतं.