रोपण, प्रत्यारोपण आणि रुजणे
परळच्या एका वाचकाने विचारले आहे की, शरीरात यंत्र बसवून घेऊन इंद्रियांची कक्षा वाढवणाऱ्या कलावंतांवर टिपण लिहिताना ‘कवटीत अँटेनाचे प्रत्यारोपण केले’ असे लिहावे की ‘रोपण केले’, आणि अशा कलावंतांना ‘यंत्रमानव’ म्हणावे का.

रोपणच लिहावे. प्रत्यारोपण म्हणजे एका ठिकाणी वाढलेली गोष्ट तिथून काढून दुसरीकडे पुन्हा लावणे; कोकणात तरवा उपटून खाचरात लावतात तसे. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण होते, कारण ते आधी दुसऱ्या देहात वाढलेले असते. कृत्रिम दातासाठी बसवतात तो टायटॅनियमचा स्क्रू कोणाच्याही जबड्यात उगवत नाही. तरीही दादरपासून बोरिवलीपर्यंत दंतवैद्यांच्या पाट्यांवर ‘दंत प्रत्यारोपण’ झळकते आणि वर्तमानपत्रे तोच शब्द मुकाट्याने उचलतात. ‘आता तो रूढ झाला’ हे यावरचे ठरलेले उत्तर. ते देणाऱ्या विद्वानांनी ‘रूढ’ या शब्दाकडेच एकदा नीट पाहावे. तो ‘रुह्’ म्हणजे उगवणे, वाढणे या धातूपासून आला आहे, आणि ‘रोपण’ही त्याच धातूचे आहे. ‘रुहः पोऽन्यतरस्याम्’ या सूत्राने (७.३.४३) पाणिनीने या धातूच्या प्रयोजक (‘उगवायला लावणे’ अशा अर्थाच्या) रूपात ह-च्या जागी विकल्पाने प आणला, म्हणून ‘रोहयति’ आणि ‘रोपयति’ अशी दोन्ही रूपे झाली, आरोहण एका बाजूला गेले, रोपटे आणि आरोप दुसऱ्या बाजूला.

खरी गंमत पुढेच आहे. आयुर्वेदात ‘रोपण’ म्हणजे जखम भरून आणणे. सुश्रुताच्या व्रणचिकित्सेत आधी शोधन, म्हणजे जखम स्वच्छ करणे, आणि मग रोपण. ‘रुह्’चे ‘रुह्य’ हे रूप प्राकृतात ‘रुज्झ’ झाले आणि मराठीत त्याचे ‘रुजणे’ उरले, जसे ‘संध्या’ची ‘सांज’ झाली आणि ‘मध्य’चा ‘माज’ होऊन माजघरात राहिला. ‘रुजणे’ हे पीडावाचक ‘रुज्’ धातूशी जोडणारे लोक निव्वळ ध्वनिसाम्याला भुलतात. बी रुजते तेव्हा कोणाला दुखते? त्यांनी घाटकोपरच्या एखाद्या गुजराती शेजाऱ्याला विचारावे. जखम भरली की तो ‘घा रुझाई गयो’ म्हणतो. आपल्याकडे बी रुजते, त्यांच्याकडे घाव रुजतो, आणि शब्द एकच.

म्हणूनच या कलावंतांसाठी मला ‘रोपण’पेक्षाही ‘रुजवणे’ अधिक नेमके वाटते. नील हार्बिसन याला जन्मापासून रंग दिसत नाहीत, सारे जग करड्या छटांत दिसते. त्याने कवटीत अँटेना बसवून घेतली. तिच्या टोकाचा संवेदक समोरच्या रंगाची वारंवारता टिपतो आणि ती कंपनांच्या रूपाने हाडातून त्याला ऐकू येते. अवरक्त आणि अतिनील हे आपल्याला न दिसणारे पट्टेही त्यात येतात. हाड त्या धातूभोवती वाढून त्याला धरून ठेवते, म्हणजे तिथे शब्दशः रुजणेच घडते. ऑस्ट्रेलियाचा स्टेलार्क याने डाव्या हाताच्या कोपराखाली कान घडवून घेतला. त्यासाठी बसवलेल्या सच्छिद्र साच्यात त्याच्याच ऊती आणि रक्तवाहिन्या शिरल्या आणि साचा हाताचा झाला. त्या कानात ठेवलेला मायक्रोफोन मात्र जंतुसंसर्गामुळे काढावा लागला. साचा रुजला, मायक्रोफोन रुजला नाही, हे एका वाक्यात सांगण्याची सोय ‘प्रत्यारोपण’ देते का? कॅटलोनियाची नृत्यांगना मून रिबास हिने भूकंपाची नोंद येताच कंप पावणारा संवेदक कोपराजवळ बसवून घेतला होता. रंगमंचावर ती भूकंपाची वाट पाहत उभी राही, तो झाला की त्याच्या तीव्रतेनुसार हालचाल करी, आणि झालाच नाही तर नाचही होत नसे. तिच्याही बाबतीत ‘संवेदक रुजवला’ हे वाक्य मराठी कानाला जराही खटकत नाही.

राहिला ‘यंत्रमानव’. तो रोबोला दिलेला शब्द आहे, आणि रोबोला जखम होत नाही की ती भरत नाही. या कलावंतांसाठी 1960 साली क्लाइन्स आणि क्लाइन या दोघा शास्त्रज्ञांनी घडवलेला, यंत्र जोडलेल्या सजीव देहाचा ‘सायबोर्ग’ हा शब्द आहे तसा देवनागरीत लिहावा.